ओपन-बॉक्स पार्ट आणि हार्ड डिस्क स्वस्तात घेताय? या चुका टाळा

२०२५ च्या अखेरीस रॅम आणि एसएसडीचे भाव भडकले आणि नवा पीसी जुळवायला निघालेल्यांचं गणित कोलमडलं. ओपन-बॉक्स, रिफर्बिश्ड, ‘लाइक न्यू’ हे शब्द आता आपल्या खानदेशातही रोजच्या बोलण्यात आलेत. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, तालुक्याला सेतू केंद्र चालवणारे, लग्नाचं शूटिंग करणारे, सीसीटीव्ही बसवणारे, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: घ्यावं का?

माझं उत्तर ‘घ्या’ असंच आहे. ओपन-बॉक्स माल मुळात वाईट नसतो. कुणी मदरबोर्ड मागवला, त्याच्या प्रोसेसरला तो चालला नाही, परत केला. कुणाला कॅबिनेटचा रंग आवडला नाही. असा माल पुन्हा नवा म्हणून विकता येत नाही, म्हणून तो स्वस्त जातो. फसगत होते ती घ्यायच्या पद्धतीमुळे. ओपन-बॉक्सचे पैसे मोजता तेव्हा वस्तूबरोबर ती तपासून परत करायचे काही दिवसही तुम्ही विकत घेतलेले असतात. बहुतेक लोक हे दिवस वापरतच नाहीत. पार्ट येतो, टेबलावर पडून राहतो, पाहुणे येतात, परीक्षा येते आणि खोका उघडेपर्यंत मुदत संपलेली असते.

उघडलेला सगळा माल सारखाच समजणे

‘भाऊ, फक्त खोका उघडलाय, माल नवाच आहे’ असं ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा: कुणी उघडला, आणि का? ग्राहकाने परत केलेली, न वापरलेली वस्तू म्हणजे ओपन-बॉक्स. बिघडून आलेली, दुरुस्त करून तपासलेली वस्तू म्हणजे रिफर्बिश्ड. तिच्यात दुरुस्ती कंपनीने केली की दुकानाच्या मागच्या खोलीत झाली, यावर सगळं अवलंबून. तिसरा प्रकार म्हणजे ब्रँडेड लॅपटॉपमधून काढलेला माल. नव्या लॅपटॉपमधली ८ जीबी रॅम किंवा २५६ जीबी एसएसडी काढून मोठी बसवली की जुनी बाजारात येते. ती बहुधा कोरी असते, किंमतही चांगली असते. पण तिची वॉरंटी लॅपटॉपबरोबर बांधलेली असते, तुमच्या नावावर काहीच येत नाही. हे माहीत असून घेतली तर काहीच हरकत नाही.

आणखी एक गोंधळ सारखा दिसतो. ऑनलाइन ऑर्डर करताना ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ असं लिहिलेलं असतं. याचा ओपन-बॉक्स मालाशी काही संबंध नाही. डिलिव्हरीवाला दारात तुमच्यासमोर पार्सल उघडून दाखवतो, एवढाच त्याचा अर्थ. तिथे घाई करू नका. वस्तू बघितल्याशिवाय ओटीपी सांगितला की ‘आत दुसरंच काही निघालं’ ही तक्रार करायला जागा उरत नाही.

आणि सीलबंद प्लास्टिकवर भरवसा ठेवू नका. ते गुंडाळायचं यंत्र कुठल्याही बाजारात मिळतं.

छापील किमतीवर सवलत मोजणे

समजा, एका एसएसडीवर १०,००० छापलेत आणि ओपन-बॉक्स ६,००० ला मिळतेय. ४० टक्के सूट! पण तीच एसएसडी नवी, पक्क्या बिलासह ६,८०० ला मिळत असेल, तर तुम्ही ८०० रुपयांसाठी पूर्ण वॉरंटी सोडताय. तुलना नेहमी नव्या मालाच्या आजच्या बाजारभावाशी करा. माझा हिशेब असा आहे: कॅबिनेट, कीबोर्ड, मॉनिटर यांना १५ टक्के स्वस्त असलं तरी घ्यावं, कारण दोष डोळ्यांना दिसतो. हार्ड डिस्क आणि एसएसडीला किमान २५ ते ३० टक्के फरक नसेल तर नवीनच घ्यावी.

पिनकोड अर्धाच तपासणे

आपल्या भागात नेमकी इथेच अडचण येते. पिनकोड टाकल्यावर ‘डिलिव्हरी उपलब्ध’ दिसलं की लोक ऑर्डर देऊन मोकळे होतात. जळगाव, धुळे, भुसावळ शहरांत परतीचा पिकअपही सहसा मिळतो. पण अक्कलकुवा, धडगाव किंवा रावेर-यावलकडच्या खेड्यात माल येतो आणि परत न्यायला कुणी येत नाही, असं होऊ शकतं. मग ‘तुम्हीच कुरिअर करा’ म्हणून मेसेज येतो. हार्ड डिस्कसारखी धक्का न सोसणारी वस्तू स्वतः पॅक करून पाठवायची, कुरिअरचा खर्च करायचा, आणि वाटेत आपटली तर दोष आपल्याच माथी. ऑर्डर देण्याआधी परतीचा पिकअप आपल्या पिनकोडला आहे का, ते ग्राहक सेवेला लेखी विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. नसेल तर शहरातल्या नातेवाइकाचा पत्ता द्या.

वॉरंटीचंही तसंच. तुमच्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर जळगाव-धुळ्यात आहे की नाशिक, मुंबईला माल पाठवावा लागेल, हे कंपनीच्या साइटवर आधीच बघून घ्या. नंदुरबारची मंडळी सुरतला जाऊन खरेदी करतात, शिरपूर-धुळ्याची इंदूरला. भाव चांगला मिळतो, पण परत करायचं म्हटलं की पुन्हा गाडीभाडं आणि एक दिवस. अशा ठिकाणी लॅपटॉप आणि ड्राइव्ह बाहेरून जोडायचा यूएसबीचा सॅटा केबल-डॉक (सॅटा म्हणजे ड्राइव्ह पीसीला जोडायची नेहमीची पद्धत) बरोबर न्या आणि दुकानातच लावून बघा. खरा दुकानदार यात आडकाठी करत नाही. जो करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

ड्राइव्हचे तास न बघणे

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्याचं तोंड उघडून दात बघितल्याशिवाय कुणी रक्कम काढत नाही. ड्राइव्हचे दात म्हणजे तिची ‘स्मार्ट’ माहिती, ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. ती वाचायला विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. एक मिनिटाचं काम आहे आणि तेच लोक करत नाहीत.

चोपड्याकडचा, लग्नाचं शूटिंग करणारा एक मुलगा ४ टीबीची डिस्क घेऊन आला होता. ‘ओपन-बॉक्स, दोन दिवस लावलेली’ असं सांगून विक्रेत्याने दिलेली. लेबल चकचकीत, पिशवी नवी. सॉफ्टवेअर उघडलं तर चालू राहिल्याचे तास २१,३४० आणि चालू केल्याची संख्या ४१. वर्षाचे तास असतात ८,७६०. म्हणजे डिस्क जवळपास अडीच वर्षं अखंड फिरलेली, आणि एवढ्या काळात फक्त ४१ वेळा चालू केलेली. घरचा किंवा ऑफिसचा पीसी रोज चालू-बंद होतो, त्याचा दुसरा आकडा शेकड्यांत जातो. तास भरमसाट आणि चालू-बंद नगण्य, असं दिसलं की समजायचं की डिस्क डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डबा) किंवा सर्व्हरमधून निघालीय. मग डिस्क तिरपी धरून उजेडात पाहिली. बाजूच्या स्क्रूच्या भोकांभोवती पत्रा घासल्याच्या चकाकत्या कडा होत्या, आणि सॅटा कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर उभ्या रेघा. दोन दिवसांत असे ओरखडे पडत नाहीत. परतीची मुदत शिल्लक होती म्हणून त्याचे पैसे वाचले.

हार्ड डिस्कमध्ये हे आकडे बघा: ०५ म्हणजे खराब झालेले आणि बदलून घेतलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे); सी५ म्हणजे वाचता न आल्याने रांगेत थांबलेले सेक्टर; सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले सेक्टर. ओपन-बॉक्स म्हणून घेतलेल्या डिस्कमध्ये या तिन्हींची रॉ व्हॅल्यू (मूळ मोजलेला आकडा) शून्य पाहिजे. एक असली तरी परत. ‘एवढ्याने काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याला ती डिस्क त्याच्याकडेच ठेवायला सांगा.

सी७ मात्र वेगळा. तो डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या चुका मोजतो आणि बहुतेक वेळा दोषी सॅटा केबल असते. केबल बदला आणि परत बघा. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो वाढायचा थांबला की नाही एवढंच बघायचं.

इथे दोन गोष्टींनी लोक उगीच घाबरतात. क्रिस्टलडिस्कइन्फो रॉ व्हॅल्यू सुरुवातीला हेक्स पद्धतीत दाखवतं, त्यामुळे अक्षरं-आकडे मिसळलेलं काहीतरी विचित्र दिसतं. फंक्शन मेनूतल्या अॅडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूजला जाऊन १० चा पर्याय निवडा, साधे आकडे दिसतील. दुसरं म्हणजे सीगेटच्या डिस्कमध्ये रीड एरर रेट आणि सीक एरर रेट यांचे रॉ आकडे कोटींच्या घरात दिसतात. ती त्या कंपनीची मोजायची पद्धत आहे, बिघाड नाही. चांगली डिस्क या भीतीने परत करणारेही आहेत.

एसएसडीला तासांपेक्षा लेखन महत्त्वाचं. एकूण किती लिहिलं गेलं आणि आयुष्य किती टक्के उरलं, ते बघा. १ टीबीच्या बऱ्याच चांगल्या एसएसडींना ६०० टीबी लेखनापर्यंत कंपनीची हमी असते. त्यामुळे ५ टीबी लिहिलेली एसएसडी तब्येतीने ठणठणीत असेल, पण मग ती ओपन-बॉक्स नाही, वापरलेली आहे. विक्रेत्याला तसं स्पष्ट सांगा आणि किंमत त्याप्रमाणे लावा. एनव्हीएमई या जास्त वेगाच्या एसएसडी प्रकारात मीडिया आणि डेटा इंटेग्रिटी एररचा आकडा शून्य नसेल तर पुढे बघायचीही गरज नाही.

तास शून्य दिसले म्हणजे डिस्क कोरीच, असंही नाही. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत आणि इतर देशांत असं उघडकीला आलं की सीगेटच्या सर्व्हरसाठी असलेल्या वापरलेल्या डिस्क, स्मार्टचे आकडे पुसून, वाटेतल्या विक्रेत्यांमार्फत नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. चिया नावाच्या क्रिप्टो नाण्यासाठी राबवलेल्या डिस्क त्यात होत्या, अशी शंका होती. स्मार्टचे आकडे पुसले गेले, पण सीगेट डिस्कच्या आत फार्म नावाची आणखी एक नोंद असते, ती तशीच राहिली, आणि तिने खरे तास सांगितले. स्मार्टमॉनटूल्स या मोफत साधनाच्या ७.४ आणि पुढच्या आवृत्तीत ही नोंद वाचता येते. सीगेटची मोठी डिस्क घेत असाल तर दोन्ही आकडे जुळवून बघा. इतर कंपन्यांसाठी साधी खूण म्हणजे लेबलवरची उत्पादनाची तारीख. लेबल २०१९ चं आणि तास दोन असतील, तर इतकी वर्षं ती कुठे होती, हे विचारायला हवं.

तपासायच्या आधीच डेटा टाकणे

या चुकीची भरपाई करायला मार्ग नसतो, म्हणून मी ती सगळ्यांत मोठी मानतो. डिस्क आली, लावली, चालली, लगेच लग्नाचं फुटेज टाकलं आणि कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट केलं. चौथ्या दिवशी डिस्क टकटक वाजायला लागली. पैसे परत मिळतील, पण त्या घरची हळद पुन्हा शूट करता येणार नाही. सेतू केंद्रवाल्यांची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांच्या डिस्कवर लोकांच्या आधारच्या प्रती, सातबारे, उत्पन्नाचे दाखले असतात. बंद पडलेली डिस्क पुसताही येत नाही आणि तशीच परत पाठवावी तर लोकांचे कागद अनोळखी हातात जातात.

म्हणून आधी पूर्ण तपासणी, मगच डेटा. रिकाम्या डिस्कवर एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. ते डिस्क काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून बघतं. खोट्या क्षमतेचे पेन ड्राइव्ह आणि एसएसडी यातच पकडले जातात. ‘२ टीबी’ लिहिलेल्या वस्तूत प्रत्यक्षात ३२ किंवा ६४ जीबीच असते, आणि तेवढं भरलं की पुढचा डेटा हवेत जातो. हार्ड डिस्कला याशिवाय स्मार्टची एक्स्टेंडेड टेस्ट (डिस्क स्वतःच स्वतःला पूर्ण वाचून बघते ती) द्या आणि दोन्ही झाल्यावर ०५, सी५, सी६ पुन्हा बघा. आकडे तपासणीआधी शून्य आणि नंतर आठ, असं झालं तर डिस्कने स्वतःच कबुली दिली.

याला वेळ लागतो. सेकंदाला सरासरी १५० एमबी धरले तर ४ टीबीची डिस्क एकदा पूर्ण वाचायलाच साडेसात तास लागतात, लिहून-वाचून पंधरा. म्हणून मुदतीच्या पहिल्या दिवशी सुरुवात करायची. गावाकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. मधेच वीज गेली की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. इन्व्हर्टरवर लावा किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे रात्रभर ठेवा. यूएसबी डॉक वापरत असाल तर डॉकलाही इन्व्हर्टरची वीज हवी, फक्त लॅपटॉपला बॅटरी असून भागत नाही.

मे महिन्यात तर वेळही निवडून घ्या. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद खोलीत दुपारी ४० अंश सहज असतात. बहुतेक हार्ड डिस्कची कामाची मर्यादा ६० अंशांची, आणि सलग लिहिताना डिस्क खोलीपेक्षा बरीच तापते. चांगली डिस्कही दुपारच्या तपासणीत धोक्याच्या रेषेवर जाऊन बसते. रात्री लावा, डिस्क उघडी ठेवा, पंख्याचा वारा द्या. वॉटर कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, त्या हवेत ओलावा असतो.

परत करायची वेळ आली तर चालू डिस्क आधी पुसा. विंडोजमध्ये क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला की हार्ड डिस्कवर शून्यं लिहिली जातात. एसएसडीला कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून किंवा बायोसमधून (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) सिक्युअर इरेज, म्हणजे सगळं पुसायचा आदेश, द्या.

स्वस्त दिसलं म्हणून न बसणारा माल घेणे

काही माल इतका स्वस्त असतो की हात थांबत नाही, आणि तो आपल्या पीसीला बसतच नाही. सर्व्हरमधून निघालेल्या सास डिस्क दिसायला हुबेहूब सॅटासारख्या. फरक कनेक्टरमध्ये: सॅटाच्या दोन पट्ट्यांमध्ये मोकळी खाच असते, सासमध्ये ती भरलेली असते. साध्या मदरबोर्डवर सास चालत नाही, वेगळं कार्ड लागतं. रॅममध्ये ‘रजिस्टर्ड ईसीसी’ असं लिहिलेलं असेल तर ती सर्व्हरची, घरच्या बोर्डवर तिने पीसी चालूच होणार नाही. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, लॅपटॉपची आखूड रॅम वेगळी. एम.२ च्या, म्हणजे बोर्डवर थेट बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीच्या, बाबतीत तर सगळ्यांत जास्त घोळ होतो: आकार एकच, पण आत सॅटा असू शकतं किंवा एनव्हीएमई. जुन्या लॅपटॉपच्या एम.२ खाचेत फक्त सॅटाच चालत असेल तर एनव्हीएमई बसली तरी दिसणार नाही. लांबीही बघा, २२८० म्हणजे ८० मिलिमीटर, बऱ्याच छोट्या लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० पुरतीच जागा असते. आपल्या मॉडेलचा नंबर टाकून कंपनीच्या साइटवरची यादी वाचायला पाच मिनिटं लागतात.

एनएएस (नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा) किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) यासाठी डिस्क घेत असाल तर ती सीएमआर आहे की एसएमआर, हे मॉडेल नंबरवरून तपासा. सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये ते एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे सलग मोठं लेखन आलं की वेग कोसळतो. २०२० मध्ये डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या ‘रेड’ नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं लोकांना वापरताना कळलं आणि मोठा गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीने कुठल्या मॉडेलमध्ये काय आहे ते जाहीर केलं. त्या काळातल्या डिस्क अजून फिरत असतात.

‘डिस्क दिसतच नाही’ म्हणून लगेच परत करणे

परत पाठवण्याआधी अर्धा तास काढा. नवी किंवा पुसलेली डिस्क माय कॉम्प्युटरमध्ये आपोआप दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे ती ‘अनअलोकेटेड’ दिसेल. इनिशियलाइज करताना जीपीटी (डिस्कची नवी मांडणी) निवडा. एमबीआर ही जुनी मांडणी निवडली तर ४ टीबीतले २ टीबीच वापरता येतात आणि मग ‘अर्धी डिस्क दिली’ म्हणून भांडण होतं. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती मोजायच्या पद्धतीतली तफावत आहे, फसवणूक नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्येही नसेल तर बायोसमध्ये बघा. तिथेही नसेल तर केबल, पोर्ट आणि एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणारा डबा) दुसरी तार, या क्रमाने बदला. बऱ्याच बोर्डांवर एम.२ एसएसडी लावली की एखाद-दोन सॅटा पोर्ट बंद होतात; बोर्डाच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं.

डिस्क फिरतच नसेल, हाताला थरथर लागत नसेल, तर एक खास कारण असू शकतं. सर्व्हरसाठीच्या आणि बाहेरच्या खोक्यातून काढलेल्या काही डिस्कमध्ये सॅटा वीज कनेक्टरच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंदच राहते, अशी सोय असते. जुने एसएमपीएस तिथे नेहमी ३.३ व्होल्ट देतात. डिस्क ठणठणीत असते पण मेल्यासारखी वाटते. त्या पिनेवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहणारी, उष्णता सोसणारी चिकटपट्टी) बारीक पट्टी लावा किंवा मोलेक्स या एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरमधून सॅटाची वीज घ्या. मोलेक्सचं कन्व्हर्टर घेताना मात्र अखंड प्लास्टिक ओतून बंद केलेलं घेऊ नका, ते आतून शॉर्ट होऊन जळतात. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेलं घ्या.

चालते पण फारच हळू, असं असेल तर यूएसबीचं पोर्ट बघा. यूएसबी २ वर सेकंदाला ४० एमबीच्या पुढे वेग जात नाही, मग डिस्क कुठलीही लावा.

बोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस

मदरबोर्ड हातात घेतला की आधी सॉकेटची टोपी काढा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. पिनांच्या रांगा एकसारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी पिन वाकडी असेल तर त्या जागी चमक तुटते. वाकलेल्या पिना सहसा वॉरंटीत बसत नाहीत, म्हणून लावायच्या आधी फोटो काढा. एएमडीच्या एएम४ प्रोसेसरमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, तिथे तो उलटा करून बघायचा. मागची पत्र्याची पट्टी, वायफायचा अँटेना, एम.२ चा छोटा स्क्रू आहे का, तेही बघून घ्या. तो स्क्रू तालुक्याच्या गावी शोधून सापडत नाही.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे मोठे प्रोसेसर ओपन-बॉक्समध्ये आकर्षक भावात दिसतील. त्यांतल्या अनेकांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा दोष निघाला होता. २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही. ‘अधूनमधून हँग होतो’ म्हणून परत आलेला नग तुमच्या वाट्याला येऊ शकतो. घेतलात तर बायोस अपडेट करून पहिल्याच आठवड्यात त्याला भरपूर ताण द्या.

ग्राफिक्स कार्डांचा मोठा साठा १५ सप्टेंबर २०२२ नंतर बाजारात आला, कारण त्या दिवशी इथेरियम या क्रिप्टो नाण्याचं, ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं. मायनिंगचं प्रत्येक कार्ड टाकाऊ नसतं, पंखे आणि थर्मल पॅड बदलले की अनेक चालतात. पण ते ‘ओपन-बॉक्स’ म्हणून घ्यायचं नाही. बनावट कार्डं ओळखायला जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं असेल तर नावापुढे ‘फेक’ असं लिहून येतं. आरएक्स ५८० घेताना त्यापुढे ‘२०४८एसपी’ आहे का, तेही बघा. ते प्रत्यक्षात आरएक्स ५७० च्या ताकदीचं कार्ड आहे.

रॅमला मेमटेस्ट८६ हे तपासणीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तर परत.

एसएमपीएस मी ओपन-बॉक्समध्ये घेऊ देत नाही. बिघडलेली रॅम फक्त पीसी अडकवते, बिघडलेला एसएमपीएस बाकी सगळं घेऊन जातो. त्यात मॉड्युलर (तारा काढता-घालता येणारा) असेल आणि तारा दुसऱ्याच मॉडेलच्या आल्या असतील तर धोका आणखी मोठा. तारेचं टोक तंतोतंत बसतं, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क क्षणात जळते.

कच्च्या बिलावर घेणे

पक्कं जीएसटी बिल आणि त्यावर वस्तूचा सिरीयल नंबर, एवढं तरी हवंच. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, गुजरात २४, मध्य प्रदेश २३. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे का, ते दिसतं. वस्तूवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. तारीख जवळजवळ संपलेली, दुसऱ्या देशाची, किंवा ‘हा नग पीसी बनवणाऱ्या कंपनीला विकला होता’ असं आलं, तर विक्रेत्याने सांगितलेली ‘तीन वर्षं वॉरंटी’ कुणीच पाळणार नाही. पार्सल उघडताना पत्त्याच्या लेबलपासून सिरीयल नंबरपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा.

मुदतीत तक्रार करूनही विक्रेता दाद देत नसेल तर फोनवर वाद घालण्यात दिवस घालवू नका. ईमेल किंवा चॅटवर लेखी तक्रार करा, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही, नंबर बंद, असं असेल तर ती सायबर फसवणूक. लगेच १९३० ला फोन करा, कारण पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते. आणि विक्रेता दिल्लीचा आहे म्हणून तिथे खेटे घालावे लागतील, असं समजू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. शहाद्याच्या माणसाला नंदुरबारला, पारोळ्याच्या माणसाला जळगावला अर्ज देता येतो. सोबत बिल, चॅटचे स्क्रीनशॉट, तो व्हिडिओ आणि स्मार्टच्या आकड्यांचा तारखेसह काढलेला फोटो जोडायचा.